साथ गावात, घर चाकांवर

प्रश्न थोडक्यात असा आहे. पती-पत्नी, साडेचार वर्षांची मुलगी आणि ७१ वर्षांच्या, मधुमेह असलेल्या आई असे चौघे टेम्पो ट्रॅव्हलरमध्येच राहण्याची सोय करून पुण्याहून विदर्भ पाहायला निघाले आहेत. लोणार आणि शेगाव झाले. पुढे मेळघाटात जायचे आहे. पावसामुळे गाडी तीन दिवसांपासून वर्धा नदीच्या काठच्या एका गावाबाहेर उभी आहे. गाडीतील शंभर लिटरची टाकी त्यांनी परवा संध्याकाळी गावच्या विहिरीवरून भरली आणि काल समजले की गावात गॅस्ट्रोची साथ आहे. आज सकाळपासून आईंना दोनदा पातळ शौचास झाले आहे. गावातील काही मंडळी गाडी हलवा म्हणून मागे लागली आहेत. पुण्याला परतावे, ठरल्याप्रमाणे मेळघाटात जावे की आहे तेथेच थांबावे, आणि गाडीत काय काळजी घ्यावी, असे त्यांनी विचारले आहे.

आधी उत्तर देतो, कारणे नंतर सांगतो. पुण्याला निघू नका आणि मेळघाटातही जाऊ नका. टाकीतील पाणी या क्षणापासून पिण्यासाठी, चूळ भरण्यासाठी आणि भांडी विसळण्यासाठी वापरणे बंद करा. आईंना जलसंजीवनी (ओआरएस) सुरू करा. गावच्या आशाताईंना किंवा आरोग्यसेविकेला निरोप द्या आणि त्यांना सांगूनच गाडी तालुक्याच्या ठिकाणी, सरकारी रुग्णालयापासून पाच-दहा मिनिटांच्या अंतरावर नेऊन उभी करा. आईंना आजच डॉक्टरांना दाखवा. ही एवढीच एक हालचाल करायची आणि त्यानंतर निदान पाच दिवस चाके फिरवायची नाहीत.

विदर्भातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि पुढे तालुका पातळीवर मी अठ्ठावीस वर्षे काम केले. त्यातील बहुतेक पावसाळे साथींच्या मागे धावण्यातच गेले. तुमच्यासारखी नीटनेटकी घरगाडी त्या काळात क्वचितच दिसे, पण चाकांवर संसार असलेली माणसे आमच्याकडे नवीन नाहीत. गाडीलोहारांच्या बैलगाड्या, दिंड्यांबरोबरचे ट्रक, मिरची तोडायला तेलंगणात जाणाऱ्या मजुरांच्या पिकअप गाड्या या सगळ्यांत मी रुग्ण तपासले आहेत. त्या सर्वांत एक गोष्ट समान दिसली. आजार सुरू झाला की पहिली इच्छा होते ती निघून जाण्याची, आणि जवळ चाके असल्यामुळे ती लगेच पुरीही करता येते.

माझी आजी सांगायची, की पटकीची (कॉलऱ्याची) साथ आली म्हणजे गावात मरीमायचा गाडा निघे. नैवेद्य, लिंबू, हळदकुंकू असे सारे गाड्यावर ठेवून तो वाजतगाजत शिवेपर्यंत नेत आणि तेथे सोडून मागे न पाहता परत येत. पुढच्या गावचे लोक सकाळी तो पाहून घाबरत आणि आपल्या शिवेबाहेर नेऊन ठेवत. मरीमाय अशी गावोगाव फिरे. त्या श्रद्धेवर मला काही बोलायचे नाही. पण साथीच्या गावातून पाणी भरून, आत आजारी माणूस घेऊन पुढे निघालेली गाडी नेमके हेच काम करते. शिवाय गाड्यावर लिंबू असे आणि तुमच्या गाडीत तुमची आई आहे, म्हणून तिच्या बाजूने हिशेब मांडून पाहू.

गॅस्ट्रो म्हणून ज्या साथी नोंदल्या जातात, त्यांतील बहुतेक रुग्ण दोन-तीन दिवसांत बरे होतात. परंतु त्यांत कॉलऱ्याचे जंतू आहेत की नाहीत हे शौचाची तपासणी झाल्याशिवाय कळत नाही. तीव्र कॉलऱ्यात मोठ्या माणसाच्या अंगातून तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकते. ५५ किलो वजनाच्या व्यक्तीच्या अंगातून साडेपाच लिटर पाणी गेले म्हणजे वजनाचा दहावा भाग गेला, आणि ती अवस्था थेट जिवावर बेतणारी असते. तेथून पुणे बारा-चौदा तास आहे. सकाळी हसतखेळत निघालेली व्यक्ती दुपारी वाटेतच निपचित पडू शकते, हा हिशेब इतका सरळ आहे. समृद्धी महामार्गाने लवकर पोहोचू असे तुम्हाला वाटेल, पण त्या रस्त्यावर मधेच वाटेल तेथे उतरून दवाखाना गाठता येत नाही. पुढच्या बाहेर पडण्याच्या जागेपर्यंत जावेच लागते. आहात तेथून वर्ध्याच्या बाजूला सेवाग्रामचे रुग्णालय आहे आणि अमरावतीच्या बाजूला जिल्हा रुग्णालय आहे. उपचाराच्या इतक्या जवळ असताना उपचारापासून दूर जाण्यात शहाणपण नाही.

मेळघाटाबद्दलही तेच. २०२२ च्या जुलैत चिखलदरा तालुक्यातील पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत उघड्या विहिरीचे पाणी पिण्यात आल्याने कॉलऱ्याची साथ पसरली आणि माणसे दगावली. त्या डोंगरातून मोठे रुग्णालय दूर, अनेक ठिकाणी मोबाइलला रेंज नाही, आणि नाल्याला पूर आला की रस्ता तुटतो. अशा ठिकाणी आजार घेऊन जाणे तुमच्यासाठी धोक्याचे आहे, आणि तेथील कोरकू पाड्यांसाठी त्याहून अधिक धोक्याचे आहे.

आता पाण्याकडे वळू, कारण घरगाडीतील सगळ्या गोष्टींचे मूळ तेथे आहे. गावातील घराला एक विहीर असते. तुमच्या घराची विहीर दर मुक्कामाला बदलते. टाकी अर्धी रिकामी झाली की तुम्ही नवे पाणी वर ओतता, त्यामुळे आदल्या गावाचे पाणी पुढच्या गावाच्या पाण्यात मिसळून राहते. टाकी कितीही चांगल्या प्रतीची असली तरी तिला हे कळत नाही.

टाकीपेक्षाही मला अधिक भीती वाटते ती पाइपची. एका आषाढात एका लहानशा दिंडीतील चाळीस-पन्नास माणसांना दोन दिवसांत हगवण-ओकारी झाली होती. त्यांच्याकडे पाण्याचा छोटा टँकर होता, टाकीत औषध टाकलेले होते आणि स्वयंपाकाचे पाणी उकळतही होते. मी टँकरभोवती फिरलो तेव्हा पाइप मागच्या बाजूला चिखलात पडलेला दिसला. त्याचे तोंड जेथे बैल बांधले होते तेथेच शेणात रुतले होते आणि थोड्या वेळाने एका पोराने तेच तोंड पुसल्यासारखे करून हंड्यात सोडले. मी चालकाला विचारले, तर तो शांतपणे म्हणाला, “डॉक्टरसाहेब, आमी त पानी उकयूनच पेतो, पन पाइप कोन उकयते?” त्याच्या उत्तरात सगळे निदान होते. तुमचा पाइप आज कोठे ठेवला आहे ते पाहा. त्याच्या दोन्ही तोंडांना झाकणे लावा, तो गुंडाळून स्वच्छ पिशवीत टांगून ठेवा, आणि सांडपाण्याच्या पाइपला त्याच कप्प्यात जागा देऊ नका.

टाकी शुद्ध करण्याची रीत अशी आहे. पोत्यात उघडी पडलेली, दमट झालेली टीसीएल पावडर, म्हणजे ब्लिचिंग पावडर, निकामी असते. बंद डब्यातील, नाकाला झोंबणारी पावडर घ्या. आधी टाकीतील संशयित पाण्यातच १५ ग्रॅम, म्हणजे चहाचे साधारण तीन सपाट चमचे पावडर घालायची आहे. पावडर थेट टाकीत टाकू नका. बादलीभर पाण्यात कालवून, गाळ खाली बसू देऊन, वरचे निवळ पाणी टाकीत सोडा. गाळणीची कांडी किंवा आरओचे फिल्टर असल्यास आधी काढून ठेवा. मग प्रत्येक नळ, बाहेरचा शॉवरसुद्धा, क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडा आणि रात्रभर तसेच राहू द्या. सकाळी ते पाणी विहीर, हापसी, नाला किंवा गुरांच्या पाणवठ्याकडे न सोडता शोषखड्ड्यात किंवा गटारात सोडा, टाकी घासा, स्वच्छ पाण्याने दोनदा विसळा. यानंतर भरलेल्या पिण्याच्या पाण्यासाठी प्रमाण फार कमी लागते. गावच्या पाणीपुरवठ्यासाठी हजार लिटरला पाच ग्रॅम पावडर असे आपल्याकडचे नेहमीचे प्रमाण आहे. म्हणजे तुमच्या टाकीला अर्धा ग्रॅम, आणि अर्धा ग्रॅम मोजणे कोणालाच जमत नाही. म्हणून पाच ग्रॅम पावडर एक लिटर पाण्यात कालवावी, निवळू द्यावी आणि त्यातील शंभर मिलिलिटर टाकीत घालावे. अर्धा तास थांबून मग पाणी वापरावे.

पाणी गढूळ असेल तर क्लोरीन आधी त्या गढूळपणातच खर्च होते. या दिवसांत नदीकाठच्या विहिरी तांबूस होतात, म्हणून आधी तुरटी फिरवून, निवळून, फडक्याने गाळूनच पाणी टाकीत घ्या. गाडीत अतिनील दिव्याचा शुद्धिकारक असला तरी गढूळ पाण्यात तोही निकामी ठरतो. औषध पुरेसे झाले की नाही हे अंदाजाने ठरवू नका. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे ओटी चाचणीचे द्रावण असते. छोट्या नळीतील पाण्यात त्याचे थेंब टाकले की पाणी पिवळसर होते. रंग आला नाही तर क्लोरीन शिल्लक नाही असे समजावे. या साऱ्याचा कंटाळा येत असेल तर या पाच दिवसांपुरता सोपा मार्ग आहे: टाकी फक्त हातपाय धुण्यासाठी ठेवा आणि पिण्याचे पाणी वेगळ्या भांड्यात खळखळ उकळून, झाकून, लांब दांडीच्या ओगराळ्याने घ्या. पेल्यासह हात भांड्यात बुडवण्याची आपली सवय सर्वांत वाईट आहे.

आईंच्या उपचाराबद्दल. जलसंजीवनीचे एक मोठे पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण रिकामे करायचे. पेलाभर पाण्यात चिमूट-चिमूट टाकायचे नाही. तयार द्रावण चोवीस तासांत संपवायचे, उरले तर फेकायचे. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मोठ्या माणसाने प्रत्येक जुलाबानंतर ग्लासभर किंवा तहान असेल तितके प्यावे. तुमच्या मुलीला त्रास झालाच तर दर जुलाबानंतर १०० ते २०० मिलिलिटर, चमच्या-चमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा हळूहळू सुरू करावे. मुलीला त्यासोबत दररोज २० मिलिग्रॅम झिंक चौदा दिवस द्यायचे असते, जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरीही.

येथे एका गैरसमजाशी माझे जुने वैर आहे. आई मधुमेही आहेत म्हणून त्यांना साखरेचे पाणी कसे द्यावे, असे तुमच्या मनात आले असेलच. द्यायचेच आहे. जलसंजीवनीतील साखर गोडीसाठी नसते; आतड्यातून मीठ आणि पाणी रक्तात खेचून घेण्यासाठी तिची गरज असते. साखरेचे मोजमाप यंत्रावर करत राहा, पण पाणी थांबवू नका. मात्र त्यांच्या मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या जुलाब चालू असताना तात्पुरत्या थांबवाव्या किंवा कमी कराव्या लागतात, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या. तो निर्णय स्वतः घेऊ नका. गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवा. “ती पांढरी गोळी” या वर्णनावरून कोणालाही काही कळत नाही.

दुसरा गैरसमज सलाइनचा. आमच्या भागात बाटली लावली नाही तर उपचारच झाला नाही असे लोक मानतात. १९७१ मध्ये बांगलादेशाच्या युद्धातून पळून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइन संपले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि सोड्याचे पाणी पिंपांत कालवून नातेवाइकांच्या हातून रुग्णांना पाजले. मृत्यूचे प्रमाण शंभरात तीसच्या आसपास होते, ते चारच्याही खाली आले. ती माणसेही घर सोडून वाटेवर होती, त्यांच्याजवळ छप्परही धड नव्हते. तुमच्याजवळ गॅस आहे, भांडी आहेत, चमचे आहेत. बाटलीची गरज लागते ती पिणे जमत नसेल तेव्हा. डोळे खोल गेले, जीभ कोरडी पडली, चिमटीत धरलेली पोटाची कातडी सावकाश खाली बसू लागली, सहा तासांत लघवी झाली नाही, गुंगी येऊ लागली, शौचात रक्त दिसले किंवा शौच तांदळाच्या धुवणासारखे पांढुरके आणि धो-धो होऊ लागले, तर वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. ती येईपर्यंत पाजणे चालू ठेवा. जुलाब बंद करण्याच्या गोळ्या मुलीला अजिबात देऊ नका, आईंनाही डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय नको. उरलेल्यांनी “खबरदारी म्हणून” प्रतिजैविके घेऊ नयेत. शौचाचा नमुना प्रतिजैविक सुरू होण्याआधी घेतला तरच त्याचा उपयोग होतो, त्यामुळे दवाखान्यात नमुना मागितला तर कुरकुर करू नका.

शौचालयाचा विषय लोक टाळतात, परंतु घरगाडीतील साथ बहुधा येथूनच बाहेर पडते. तुमच्या गाडीतील डब्याचे शौचालय रिकामे करण्याची सोय आपल्याकडच्या खेड्यात नाही. राज्याचे कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आले, पण वर्धा नदीच्या काठच्या गावाला त्याचा पत्ता असण्याचे कारण नाही. खड्डा खणून पुरू, असे तुम्ही म्हणाल. काळ्या मातीत या दिवसांत अनेक वावरांत दोन फूट खणले की पाणी लागते. तुम्ही पुरलेले चार दिवसांत शेजारच्या विहिरीत असेल. नाल्यात ओतण्याचा विचारही करू नका. आजारी व्यक्तीसाठी झाकणाची वेगळी बादली ठेवा. प्रत्येक वेळी, लिटरमागे सुमारे ५० ग्रॅम या हिशेबाने, त्यात ब्लिचिंग पावडर घाला, काठीने ढवळून किमान तासभर झाकून ठेवा आणि मगच आरोग्य कर्मचारी दाखवतील त्या सेप्टिक टाकीच्या शौचालयात ओता. हे काम गाडीच्या बाहेर, मोकळ्या हवेत करा. संडास साफ करण्याचे ॲसिड आणि ब्लिचिंग पावडर कधीही एकत्र येऊ देऊ नका. त्यातून निघणारा क्लोरीन वायू गाडीच्या एवढ्याशा पोकळीत जीव घेऊ शकतो. डब्याच्या शौचालयात वापरतात त्या निळ्या रसायनातही ही पावडर मिसळू नये. खराब झालेले कपडे नदीवर किंवा हापसीखाली न धुता आधी ब्लिचिंगच्या पाण्यात अर्धा तास भिजवा किंवा उकळा.

कामाची वाटणी आजच करा. जो आईंची बादली आणि कपडे पाहील त्याने स्वयंपाकाला हात लावायचा नाही, आणि जो स्वयंपाक करील त्याने बादलीला हात लावायचा नाही. माझ्या अनुभवात ही दोन्ही कामे मुकाट्याने घरातील एकाच बाईच्या अंगावर येऊन पडतात, आणि मग सगळे कुटुंब आजारी पडते. बादली तुम्ही घ्या. हात प्रत्येक वेळी साबणाने धुवा. हातावर चोळायचे सॅनिटायझर येथे साबणाची जागा घेऊ शकत नाही.

आता गावाविषयी. गाडी हलवा म्हणणाऱ्यांवर रागावू नका. त्यांच्या घरात माणसे सलाइनवर आहेत, पोळा तोंडावर आला आहे, आणि शिवेवर अनोळखी गाडी उभी आहे. माणूस अशा वेळी कोणत्या तरी चेहऱ्याकडे बोट दाखवतो. २०२० च्या एप्रिलात तेलंगणातून परतणारे मिरचीचे मजूर आमच्या भागात आले तेव्हा लागोपाठच्या गावांनी रस्त्यावर बाभळीच्या काट्या टाकल्या होत्या. त्यांच्यातील एक पिकअप तीन शिवांवरून परत फिरवली गेली होती, आणि आत आठ महिन्यांची गरोदर बाई होती. शेवटी ज्या गावाने त्यांना जिल्हा परिषदेच्या शाळेत चौदा दिवस ठेवले, तेथे फरक पडला तो एकाच गोष्टीने: त्या गाडीतील एक म्हातारा गाडीतून न उतरता, दुरूनच, पोलीस पाटलांना सगळे खरे सांगत राहिला. कोठून आलो, किती जण आहोत, कोणाला ताप आहे.

तुम्हीही तेच करा. सरपंच, पोलीस पाटील किंवा ग्रामसेवक, जे भेटतील त्यांना स्वतः जाऊन सांगा की आम्ही परवा तुमच्या विहिरीचे पाणी भरले, आमच्या आई आजारी आहेत, आम्ही आशाताईंना कळवले आहे आणि आज तालुक्याला दवाखान्याजवळ जात आहोत. न सांगता रात्री निघून गेलात तर दोन्ही बाजूंचे नुकसान होते. गाव समजते की रोग तुम्हीच आणला, आणि आरोग्य खात्याला एक रुग्ण कमी दिसतो. साथीचा माग काढणाऱ्यांना प्रवासी फार उपयोगी पडतो, कारण तो नोंद ठेवतो. मघाशी सांगितलेल्या दिंडीतील त्या चालकाकडे डिझेलची वही होती. तेलकट अंगठ्यांचे ठसे उमटलेल्या त्या पानांवर, डिझेलच्या रकमेशेजारी, पाणी कोठे भरले तेही त्याने लिहिले होते. तिथवर आमचे बोट पाइपवरच थांबले होते. त्या वहीमुळे आम्ही मागच्या तिसऱ्या मुक्कामाच्या, नाल्याला लागून असलेल्या विहिरीपर्यंत पोहोचलो, आणि तोवर त्या गावातही लहान मुले आजारी पडू लागली होती. तुम्ही गेल्या आठ दिवसांत कोठे पाणी भरले, कोठे जेवलात आणि डबा कोठे रिकामा केलात हे आजच तारखेनिशी लिहून काढा आणि आरोग्य कर्मचाऱ्यांना द्या. डब्याबाबत काही लाजिरवाणे असेल तर तेही लिहा. दंडापेक्षा ती माहिती मोलाची आहे. प्रशासनाने हालचालींवर निर्बंध घातले तर ते पाळावेच लागतात, त्यामागे १८९७ च्या साथरोग कायद्याचे बळ आहे.

तालुक्याला गाडी कोठे लावावी? मुरमाड, उंच जागा पाहा. काळ्या मातीच्या वावरात उतरलात तर एका सरीनंतर गाडी फसेल आणि रात्री आईंना हलवायची वेळ आली तर ट्रॅक्टर शोधत बसाल. विहिरीच्या किंवा हापसीच्या वरच्या अंगाला, म्हणजे तुमचे सांडपाणी तिकडे उतरेल अशा ठिकाणी, उभे राहू नका. शाळेचे मैदान आणि मंदिराचे आवार या आठवड्यात नकोच. रुग्णालयाच्या आवाराबाहेर किंवा परवानगीने एखाद्या पेट्रोल पंपाच्या कडेला जागा मिळेल. पंपवाल्यालाही खरे कारण सांगा.

तुम्ही गोवर, कांजण्या आणि फ्लूबद्दलही जाता जाता विचारले आहे. त्यांची गोष्ट वेगळी आहे, कारण तेथे पाणी नव्हे तर हवा वाटून घेतली जाते. करोनाच्या काळात अमेरिकेत घरगाड्यांची मागणी खूप वाढली, कारण स्वतःचे घर बरोबर असले की हॉटेल नको आणि गर्दी नको. बाहेरच्यांपासून ती गाडी खरोखरच वाचवते. परंतु आतील एकाला लागण झाली की दहा-बारा फुटांच्या जागेत विलगीकरण हा केवळ शब्द उरतो. गोवराचे विषाणू बंद जागेतील हवेत दोन तासांपर्यंत टिकतात आणि पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून माणूस ते पसरवत असतो, त्यामुळे पुरळ दिसल्यावर पडदा ओढून काही साधत नाही. अशा वेळी वातानुकूलन बंद करून सगळ्या खिडक्या उघडाव्यात, रुग्णासाठी बाहेर राहुटी ठोकावी किंवा सरळ एक खोली भाड्याने घ्यावी. मुलीचे लसीकरणाचे कार्ड आताच काढून गोवर-रुबेलाचे दोन्ही डोस झाले आहेत की नाहीत ते पाहा. राहिला असेल तर कोणत्याही उपकेंद्रात तो मिळतो, गाव तुमचे नसले तरी.

थांबण्याचे पाच दिवस कसे मोजायचे ते सांगतो. कॉलऱ्याचे जंतू पोटात गेल्यापासून काही तासांत ते पाच दिवसांत लक्षणे दिसतात. म्हणून टाकीचे ते पाणी शेवटचे प्यायलात तो दिवस शून्य धरा आणि पुढचे पाच दिवस तुम्ही तिघे स्वतःवर लक्ष ठेवा. आईंच्या बाबतीत शेवटच्या जुलाबानंतर किमान ४८ तास जाऊ द्या, आणि त्या काळात त्यांनी कोणासाठीही स्वयंपाक करू नये. मधेच आणखी कोणाला त्रास झाला तर त्याची मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

पोळ्याच्या दिवशी तुम्ही तेथेच असाल. विदर्भात गाडीसमोर थांबलेल्या पाहुण्याला ताट आल्याशिवाय राहत नाही. तव्यावरून उतरलेली गरम पुरणपोळी आणि कढत आमटी निर्धास्त खा. कोशिंबीर, चटणी आणि पाण्याचा तांब्या बाजूला ठेवा. त्याचे कारण विचारले गेले तर आईंचा आजार सांगा, कोणी वाईट वाटून घेणार नाही. बैल पाहायला मुलीला खांद्यावर घेऊन दुरून उभे राहा, घोळक्यात नेऊ नका. सहाव्या दिवशी सगळे ठणठणीत असतील तर निघण्यापूर्वी टाकी पुन्हा एकदा वर सांगितल्याप्रमाणे धुवा, पाइपची दोन्ही तोंडे ब्लिचिंगच्या पाण्यात बुडवून घ्या आणि आरोग्यसेविकेला पुढचा मुक्काम व तुमचा मोबाइल क्रमांक लिहून द्या. मेळघाट पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरनंतर करा.